चार ठोक्यांची जागा

“मागे काय वाजतंय हे?”

निनाद टिपणीसांनी कानावरचा हेडफोन अर्धा सरकवला आणि मागं वळून आमच्याकडं पाहिलं. त्यांची पांढरी गाडी आमच्या शेडसमोर गल्लीत उभी होती. काचा वर, एसी चालू. मागच्या सीटवर आम्ही तिघं होतो: मी, नौशाद, आणि मध्ये अंग चोरून बसलेली अंजना.

“मागं? कुठं काय वाजतंय?” मी म्हणालो.

“गाण्यात. ती मुलगी ‘कांडी संपली’ म्हणून ओरडते, सगळं थांबतं, त्याच्यानंतर. तिथं काहीतरी खडखडतंय.”

“तिथं काय बी न्हाई साहेब,” नौशाद म्हणाला. “तिथं चार ठोके रिकामे सोडल्यात. मुद्दाम.”

“रिकामे नाहीत.”

नौशादनं हेडफोन लावून ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. मग मी ऐकलं. चार ठोके चिडीचूप शांतता, मग अंजनाचं ‘सोड!’ आणि सगळं परत अंगावर येतं. अंजनानं तर हेडफोन घेतलाच नाही. ती म्हणाली, “मी वरडलो त्याच्या पुढं काय न्हाई, मला म्हाईत हाय.” आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात, त्याचं टिपणीसांना हसू आलं. पण हसून झाल्यावर ते परत त्याच जागी आले.

“शपथेवर सांगतो, तिथं काहीतरी वाजतंय. आणि ते काढावं लागेल.”

ही दोन हजार पंधरा सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि इचलकरंजीत माझा जीव रमत नव्हता. एका जागी पाच मिनिटं बसणं मला जमायचं नाही. दिवसा मी आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेडमध्ये यंत्रमागांवर राबायचो आणि उरलेल्या वेळात एका जुन्या कॉम्प्युटरवर गाणी बनवायचो. गाणी म्हणजे त्यात शब्दबिब्द फारसे नसायचे. ठोका, त्याच्यावर नौशादची हलगी, आणि खाली पोटात घुसणारा बेस. कोल्हापूर-सांगलीकडं मिरवणुकीत ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून जे वाजतं, ते. ते कुठल्या कंपनीनं काढलेलं नसतं. आमच्यासारखी माणसं माळ्यावर, गोठ्यात, मोबाइलच्या दुकानामागं बसून ते बनवतात आणि फुकट वाटतात. दुकानदार ते मेमरी कार्डात भरून देतो, एका कार्डातून दुसऱ्यात जातं, आणि महिन्याभरात बेळगावपासून कऱ्हाडपर्यंत पोचतं. नियम एकच. ज्याचा हात गाण्याला लागला त्याचं नाव गाण्यातून काढायचं नाही. दुसऱ्यानं त्यात भर घालावी, उलटंपालटं करावं, पण आवाज आणि नाव तसंच ठेवावं. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, आणि तो मोडणाऱ्याला पुढं कुणी गाणं देत नसे.

‘कांडी संपली’ हे आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं. मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवून नवी घालावी लागते, आणि ‘सोड!’ म्हटलं की माग परत चालू. अंजना उरुणकर आमच्याच शेडमध्ये कांड्या भरायची, आणि तिची आरोळी आठ मागांच्या वरून गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. मी तीच आरोळी गाण्यात घातली. ती ओरडली की गाणं थांबायचं, चार ठोके काहीच नाही, मग ‘सोड!’. त्या चार ठोक्यांत मिरवणुकीतली हजार माणसं हात वर धरून थांबायची आणि पाचव्याला सगळी एकदम खाली यायची. कुणी मोजायचं नाही, आणि कुणी चुकायचंही नाही. आम्हाला त्यात काही नवल वाटायचं नाही.

नवल टिपणीसांना वाटलं होतं. ते मुंबईच्या एका बड्या म्युझिक कंपनीत होते, कुणाच्या तरी लग्नाला कोल्हापूरला आले होते, आणि वरातीत त्यांनी ते पाहिलं. तीन दिवसांत आमच्या गल्लीत हजर.

“आणखी एक,” ते गाडीत म्हणाले. “तुमची सगळी गाणी एकाच वेगाची आहेत. मिनिटाला एकशे अडतीस ठोके. मी चौदा गाणी मोजली. असं का?”

“आवडतंय म्हनून,” नौशाद म्हणाला. नौशाद मुजावर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, स्वतःचा साउंड असलेला माणूस. ट्रक, जनरेटर, स्पीकर, सगळं त्याचं. त्याला टिपणीस पहिल्यापासून पटले नव्हते आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं.

“कंपनीनं घेतल्यावर म्या वाजवायचं का न्हाई?” त्यानं विचारलं.

“ऑफिशियल व्हर्जन वाजवा ना. खुशाल.”

“आनि जुनं?”

“जुनं मागे घ्यावं लागेल. सगळीकडून. तसं करारातच आहे. जुनी प्रत कुणाकडे ठेवायची नाही, कुणाला द्यायची नाही, कुणी त्यात भर घालायची नाही. नाहीतर आम्ही विकायचं काय?”

नौशाद दार उघडून उतरला. त्याच्यामागं अंजनाही उतरली. मी बसून राहिलो. टिपणीसांनी मला पुढच्या सीटवर बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. मुंबईत कंपनीच्या स्टुडिओत मला जागा, राहायला खोली, आणि हे गाणं माझ्या नावावर, एकट्याच्या. मुलीचा आवाज ते बदलणार होते, एखादी नाववाली गायिका घेऊन. “आवाज छान आहे, पण कच्चा आहे,” ते म्हणाले. “परवा दुपारी मी निघतोय. त्याच्या आत स्वच्छ फाइल दे आणि सही कर. तुझ्यात दम आहे रे. इथं काय करतोयस तू?”

हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होतो. दुसऱ्या कुणी विचारल्यावर मला इतका आनंद झाला, की अंजनाच्या आवाजाचं मी बाहेर आल्यावर कुणाला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शेडला आठवड्याची सुट्टी होती. तोच एक दिवस आमच्या गल्लीत माग बंद असतात. आमचा ‘स्टुडिओ’ शेडच्या आतच होता, सहा नंबर आणि आठ नंबरच्या मागांमध्ये. तिथं पूर्वी सात नंबरचा माग होता. तो वर्षापूर्वी भंगारात गेला. जुना झाला होता, सारखा अडायचा, आणि मला ती जागा हवी होती म्हणून मीच आप्पांच्या मागं लागलो होतो. भंगारवाला आला त्या दिवशी आप्पा चहाला म्हणून बाहेर गेले ते दोन तासांनी आले. तोपर्यंत मी प्लायवूडच्या खोलीची मापंही घेऊन ठेवली होती. त्याच्याआधीची सगळी गाणी, ‘कांडी संपली’सुद्धा, आम्ही सात नंबरच्या बरोबर वरच्या माळ्यावर बनवली होती. भिंतीवर रंगवलेला सातचा आकडा तेवढा माझ्या दाराच्या वर राहिला होता.

मी ठरवलं होतं की सगळं गाणं नव्यानं रेकॉर्ड करायचं. स्वच्छ. काही वाजतच नसेल तर कशाला काढायचं, असं नौशादचं म्हणणं होतं, पण तो आला. हलगी शेकून आणली. अंजनाही आली, डोक्यावरून आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून. कशाला तर माइकसमोर ओरडायला.

“माइकला साडी दिसत न्हाई,” मी म्हणालो.

“मला दिसत्या,” ती म्हणाली.

काम सुरू झालं आणि लगेच घोटाळा. नौशादचा हात, ज्यावर डोळे मिटून घड्याळ लावावं, तो भलतीकडंच जायला लागला. आधी ठीक, मग दहाव्या-बाराव्या ठोक्याला पुढं पळायचा. तो थांबायचा, हलगी परत शेकायचा, शिव्या घालायचा.

“कानात काय तर बसलंय,” तो म्हणाला. “कसं तर गप गप वाटतंय.”

“सुट्टी हाय आज.”

“ते कळतंय मला.”

मग अंजना. तिनं तोंड उघडलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ लाल झाली. “हळू,” मी म्हणालो. परत लाल. मी तिला दोन हात मागं उभं केलं, मग चार. शेवटी ती दाराबाहेर उभी राहिली, तरी लालच.

“अगं हळू म्हणजे हळू! इथं एक बी माग चालू न्हाई. कुणाला ऐकवायचं हाय तुला?”

“मी हळू कधी बोललोय जन्मात?”

खरं होतं. आमच्या शेडमध्ये कुणीच हळू बोलत नाही. बोलायचं ते ओरडून, नाहीतर ओठ हलवून आणि हातानं खूण करून. मला लहानपणापासून लोकांच्या तोंडाकडं बघून कळतं ते काय म्हणतायत, आणि त्यापायी पुण्याच्या एका मुलीनं एकदा मला चांगलंच झापलं होतं.

अंजनानं परत एकदा करून पाहिलं. हळू आवाजात ती ‘कांडी संपली’ म्हणाली ते असं काही लागलं, की जणू घरातली साखर संपलीय. नौशाद हसला. मी हसलो नाही. मला उद्याची दुपार दिसत होती. मी खुर्चीवरून उठत होतो, बसत होतो, वायर काढून परत तीच लावत होतो.

“तुला नीट करायचंच न्हाई,” मी तिच्यावर खेकसलो.

ती दाराबाहेरून आत आली. मग म्हणाली, “न्हाईतरी माझा आवाज काढनारच हायत की. मग मला कशाला राबवतोयस?”

“कोन म्हनलं?”

“गाडीच्या काचेतनं दिसत हुतं. तो मानूस बोलत हुता ते.”

ओठ वाचायला काय मला एकट्यालाच येत होतं? काचा वर होत्या म्हणून मी निर्धास्त बसलो होतो. असा मूर्खपणा इचलकरंजीच्या माणसानं तरी करू नये.

“सांगनारच हुतो,” मी म्हणालो.

“मग सांग की.”

मी उगाच माइकच्या वायरीला हात घातला. नौशाद हलगीच्या कडेवर अंगठा फिरवत बसला होता. त्याला ते माहीत होतं असं दिसलं, आणि दोघंही हे माहीत असून आले होते.

“घाल सही,” अंजना म्हणाली. “तू इथं राहून बी काय करनार? सारखा पिंजऱ्यातल्यागत फिरत असतोस. जा. फक्त मला हळू बोलायला लावू नको.” आणि ती तिच्या ठेवणीतल्या साडीचा पदर खोचून घरी गेली.

मला स्वतःची लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, लाजेपेक्षा घाई जास्त होती. मी आणि नौशादनं दुपारपर्यंत ओढूनताणून गाणं पुरं केलं. तिच्या आरोळीसाठी त्यातल्या त्यात बरा तुकडा लावला. मग नौशादच्या ट्रकवरचे दोन स्पीकर शेडच्या तोंडाशी ठेवून ते मोठ्यानं लावलं. गल्लीतली चार-पाच माणसं सुट्टी म्हणून ओट्यावर बसलीच होती. गाणं लागल्यावर उठली. मान डोलायला लागली. ‘कांडी संपली’ आलं, सगळ्यांचे हात वर गेले, चार ठोके...

आणि कुणी दोनला खाली आलं, कुणी तीनला. एकजण तसाच हात वर धरून नौशादकडं बघत राहिला. ‘सोड!’ आलं तेव्हा सगळे आधीच खाली बसले होते.

“काय रं हे?” एकानं विचारलं. “बिघाडलं काय?”

नौशादनं गाणं परत लावलं. परत तेच. त्यानं स्पीकर बंद केला आणि वायर गुंडाळायला लागला. मी त्याला विचारलं, काय चुकतंय? तो म्हणाला, “मला काय म्हाईत? ठोके चारच हायत. मी मोजलं. पन पाय टेकायला जागाच न्हाई तिथं.”

तिसऱ्या दिवशी टिपणीस सकाळी अकराला आले. बॅगेत करार, खिशाला पेन. नवं गाणं त्यांनी गाडीतच ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “पण मेलंय.”

“मग?”

“मग जुनंच दे. सगळे ट्रॅक वेगवेगळे दे. मुंबईत आमचे इंजिनियर तो आवाज काढतील. कुठल्या ट्रॅकमध्ये आहे तेवढं आत्ता बघू.”

आम्ही माझ्या खोलीत गेलो. बाहेर सातही माग चालू होते. टिपणीसांनी कानावर हात ठेवले. “ह्यात काय ऐकू येणार? पाच मिनिटं बंद नाही होणार हे?”

मी नौशादकडं पाहिलं, नौशादनं माझ्याकडं. चालू पाळीत आप्पांना माग बंद करा म्हणणं म्हणजे काय, ते टिपणीसांना कसं सांगायचं? माझ्या बहिणीचं लग्न शेडच्या मागच्या अंगणात लागलं, तेव्हाही अक्षता पडेपर्यंत तीन माग चालू होते. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी बाहेर गेलो आणि दुरूनच हातानं खूण केली: बंद, पाच मिनिटं. वर दोन्ही हात जोडले.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. फडकं खांद्यावर टाकलं. एकेक करत सातही माग थांबवले. शेवटचा थांबला तेव्हा कांड्या भरणाऱ्या अंजनानं दचकून मान वर केली.

मी खोलीचं दार उघडंच ठेवलं आणि गाणं लावलं. अंजनाच्या आवाजाचा ट्रॅक टिपणीसांनी एकटा काढायला लावला. बाकी ठोका, बेस, हलगी सगळं बंद.

‘कांडी संपलीऽऽ!’

आणि मग त्या बंद शेडमध्ये, जिथं कुठलाच माग चालू नव्हता, माग ऐकू आला. लांबून, माळ्याच्या फळ्यांखालून यावा तसा. खट-खटाक्, खट-खटाक्. रेकॉर्डिंगच्या वेळी माइक तिच्यासाठी चालूच ठेवला होता, आणि चार ठोके तिनं तोंड मिटून वाट बघितली होती, तेवढ्यात तो शिरला होता. गेली अडीच वर्षं तो तिथं होता. माग चालू असताना तो कसा ऐकू येणार? आणि सुट्टीच्या दिवशी जुनी फाइल लावून बघायचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“हेच!” टिपणीस म्हणाले. “हे, हे ऐका. आता आलं ऐकू?”

“सात नंबर,” दारातून आप्पा म्हणाले.

ते कधी येऊन उभे राहिले मला कळलं नव्हतं. हाताला तेल होतं, ते फडक्याला पुसत होते, आणि पुसायचं थांबले होते.

“परत लाव,” ते म्हणाले.

मी परत लावलं. आप्पा आत आले, मान एका बाजूला कलती करून उभे राहिले. तिसऱ्या ठोक्याला त्यांचं बोट हवेत किंचित थबकलं. “हितं बघ. धोटा डावीकडनं येताना हितं अडखळायचा. लई उपाय केले. गेलं न्हाई ते.” ते कुणाशी बोलत होते कोण जाणे. “मिनिटाला एकशे अडतीस. त्येच्यावर कदी गेला न्हाई. मी नोकर हुतो तवा बी आनि मालक झालो तवा बी.”

नौशादनं माझ्याकडं बघितलं. चौदा गाणी, सगळी एकशे अडतीसची. त्याच्या हातातली हलगीची काडी मांडीवर आपोआप पडत होती, बरोबर, एकही ठोका न चुकता.

मला आप्पांचं ते वाक्य लागलं. सात नंबर त्यांनी नोकर म्हणून चालवला होता, आणि मालकानं शेड मोडली तेव्हा तोच पहिला स्वतःचा म्हणून घेतला होता, हे मला माहीत होतं. ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली गोष्ट होती ती. म्हणूनच भंगारवाल्याला मी बिनधास्त बोलावलं होतं.

“काका,” टिपणीस मोठ्यानं म्हणाले, “हा आवाज आपण काढून टाकणार आहोत. गाणं एकदम क्लीन होईल.”

“काढनार?”

“हो. डिस्टर्ब होतं ना.”

“बरं,” आप्पा म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, बटणांचा, जुना. मागचं झाकण नखानं उघडायचा प्रयत्न केला, तेलकट बोटांनी ते सरकत होतं. मग तो तसाच माझ्यापुढं धरला.

“काढायच्या आदी मला ह्यात घालून दे.”

इतकंच. मला काय करायचं, काय नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. गाण्याबद्दल त्या दिवसापर्यंत ते माझ्याशी कधी बोललेही नव्हते.

टिपणीस हसले, चांगल्या मनानं. “काका, नवीन आलं की मी स्वतः पाठवतो तुम्हाला. स्वच्छ.”

“स्वच्छ नको.”

मी मोबाइल हातात घेतला. झाकण काढलं, कार्ड काढलं. टिपणीसांचा हात माझ्या खांद्यावर आला.

“भारत, सही केल्यावर हे चालणार नाही. एका कार्डात गेलं की ते किती कार्डात जातं, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

“सही कुठं केलीय अजून?” मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते इतकं सरळ निघून गेलं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. कॉम्प्युटरला कार्ड लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. ती पुरी व्हायला वेळ लागत होता, आणि सगळे तिच्याकडं बघत उभे होते. मी त्या वेळात खुर्चीत बसून होतो. उठलो नाही, वायरींना हात लावला नाही. हे मला नंतर अंजनानं सांगितलं, म्हणाली, तुला इतका वेळ एका जागी पहिल्यांदाच बघितला.

मी मोबाइल आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, वरून एकदा चाचपला, आणि माग सुरू करायला गेले. एकेक माग सुरू होत गेला तसे टिपणीसांचे शब्द बुडत गेले, पण ओठ दिसत होते. विचार कर, ते म्हणत होते. दुपारी दोनपर्यंत मी हॉटेलवर आहे. अशी संधी परत येत नाही. मी मान हलवत होतो. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याइतकं लक्ष देऊन आमचं गाणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आम्हीसुद्धा.

दोन वाजेपर्यंत मी शेडमध्ये फेऱ्या मारल्या. जावं असं चारदा वाटलं. एकदा तर गाडीला किकही मारली. नौशाद आडवा आला नाही. तो म्हणाला, “जायचं तर जा. आम्ही हाय हितंच.” मी गाडी बंद केली. मग अंजनाजवळ गेलो. ती कांड्या भरत होती. मी आवाज न करता, फक्त ओठ हलवून म्हणालो, “चुकलं माझं.”

“मोठ्यानं बोल,” ती ओरडली. “ऐकू येत न्हाई.”

सगळ्या शेडला ऐकू जाईल असं मी ओरडलो. मागावरचा एक कामगार वळून बघायला लागला. अंजना पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

त्यानंतर मी सुखी झालो असं समजू नका. वर्षभर मी आप्पांवर मनातून चिडलेला होतो. मुंबईची खोली मला झोपेत दिसायची. नंतर टिपणीसांच्या कंपनीनं मिरवणुकीच्या ठोक्याचं एक गाणं दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं, ते टीव्हीवर लागलं की मी उठून बाहेर जायचो. ‘कांडी संपली’ मात्र कार्डातून कार्डात फिरत राहिलं. त्याच्यावर कुणी ताशा चढवला, कुणी बेंजो, सोलापूरच्या एकानं तर कन्नड आरोळ्या घातल्या. अंजनाचा आवाज कुणी काढला नाही. त्यामागचे सात नंबरचे चार ठोकेही कुणी काढले नाहीत. ते तिथं आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं.

आता शेडमध्ये एकही माग नाही. साधे माग परवडेनासे झाले तसे एकेक करत सगळे सात नंबरच्या वाटेनं गेले, आणि तिथं आता मी रेकॉर्डिंगचं करतो. येणाऱ्याकडून सही घेत नाही. भिंतीवरचा सात मी पुसू दिला नाही. आप्पा त्याच्याखाली खुर्ची टाकून बसतात. कान पार गेलेत त्यांचे, गाणं काय आणि बोलणं काय, काही पोचत नाही. म्हणून ते मोबाइल कानाला लावत नाहीत. मांडीवर ठेवतात, त्याच्यावर तळवा ठेवतात, आणि हातानं ऐकतात.

अंजनाची आरोळी आली की त्यांचा दुसरा हात आपोआप पुढं जातो, माग थांबवायच्या दांड्यापाशी. तिथं दांडा नसतो. तरी चार ठोके तो हात तसाच धरलेला असतो, आणि तिसऱ्याला त्यांचं बोट जरासं अडखळतं.